खेळाडूचा पगार आधी कसा ओळखावा : ऑनलाइन बेसबॉल लीगमधील नव्या व्यवस्थापकांसाठी

सांगली-मिरजेत संगणकावरील बेसबॉल लीग खेळणाऱ्या मंडळींमध्ये दर हंगामाला काही नवे व्यवस्थापक दाखल होतात. त्यांपैकी बहुतेक जण क्रिकेटवर वाढलेले असतात, त्यामुळे खेळाडूची किंमत म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर लिलाव येतो. ते स्वाभाविकच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख रुपयांना घेतले आणि तीच त्या लिलावातील सर्वांत मोठी बोली ठरली. खेळाडू उत्तम, अनेक संघांना तो हवा, म्हणून किंमत जास्त, हा हिशेब तेथे सरळ लागू पडतो. बेसबॉलमध्ये मात्र तो निम्म्याहून अधिक खेळाडूंना लागू पडत नाही. अतिशय गुणवान खेळाडू सलग काही वर्षे किमान वेतनावर खेळत राहतो आणि उतरणीला लागलेला पस्तिशीतला खेळाडू त्याच्या वीसपट पगार घेतो. हा विस्कळीतपणा नसून नियमांचा परिणाम आहे. म्हणून पगाराचा अंदाज बांधताना आधी खेळाडूचा सेवाकाळ, म्हणजे तो मुख्य संघात किती काळ राहिला ते, पाहावा आणि त्यानंतरच त्याचा खेळ पाहावा. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : आपल्या लीगचे नियम वाचणे

आपल्याकडील बहुतेक गट ज्यावर खेळतात तो ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा खेळ मार्कुस हाइन्सोन या जर्मन प्रोग्रामरने तयार केला आणि त्याची पहिली आवृत्ती १९९९ साली आली. त्याच्या ऑनलाइन लीगमध्ये प्रत्येक संघाला एक व्यवस्थापक असतो. व्यवस्थापक आपले निर्णय फाइलच्या रूपाने पाठवतो, लीगचा आयुक्त ठरलेल्या दिवशी काही दिवसांचे सामने एकदम पुढे चालवतो आणि नवी फाइल सर्वांना उपलब्ध करतो. पगाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, किमान वेतन किती, लवादाचा टप्पा (पगारावर मतभेद झाल्यास त्रयस्थ मंडळाने तो ठरवण्याचा) कधी सुरू होतो, मुक्त करार किती वर्षांनी करता येतो आणि सर्वोत्तम, चांगल्या व सामान्य खेळाडूंचे ठरावीक पगार साधारण किती असावेत, हे सर्व आयुक्ताच्या हाती असते. त्यामुळे एका लीगमध्ये बसवलेले सूत्र दुसऱ्या लीगमध्ये जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे. आर्थिक नियमांचे पान उघडून हे आकडे वहीत किंवा स्प्रेडशीटच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत. अर्ध्या तासाचे हे काम पुढचे बरेच चुकीचे अंदाज वाचवते.

बहुतेक लीग मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचा, साचा वापरतात, म्हणून तो नीट समजून घ्यावा. तेथे २०२५ साली किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. हंगाम सुमारे १८७ दिवसांचा असतो आणि त्यांतील १७२ दिवस मुख्य संघाच्या यादीत राहिलेल्या खेळाडूचे सेवेचे एक वर्ष पूर्ण झाले असे मानतात. साधारणपणे तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत क्लब किमान वेतनाच्या आसपास पगार देऊ शकतो, त्यानंतरची तीन वर्षे लवादाची असतात आणि सहा वर्षे पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा होतो. दोन ते तीन वर्षे सेवा झालेल्यांपैकी सेवेत वरच्या असलेल्या २२ टक्के खेळाडूंना लवादाचा हक्क एक वर्ष आधी मिळतो, त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात.

एकेका दिवसाचे मोल किती असते, याचे बोलके उदाहरण क्रिस ब्रायंटचे आहे. २०१५ साली शिकागो कब्जने त्याला हंगाम सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी, १७ एप्रिलला मैदानात उतरवले. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, परंतु त्याचे सेवेचे दिवस १७१ भरले, म्हणजे एक दिवस कमी. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली आणि त्याचे मुक्त होणे एका वर्षाने लांबले. आपल्या लीगमधील खेळाडूच्या पानावर सेवाकाळ वर्षे आणि दिवस अशा रूपात दिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय ‘हा इतका चांगला असून इतका स्वस्त कसा’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : माहिती गोळा करणे

खेळातून खेळाडूंची माहिती सीएसव्ही फाइलच्या रूपात बाहेर काढता येते आणि ती कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ ठेवावी. तीत वय, सेवाकाळ, मुख्य जागा, मागील तीन हंगामांत फलंदाजीला आलेल्या खेपा किंवा टाकलेल्या इनिंग, त्या तीन हंगामांचे ‘वॉर’, चालू पगार, करार कोणत्या वर्षी झाला आणि तो किती वर्षांचा आहे, एवढे रकाने पुरेसे आहेत.

येथे ‘वॉर’विषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सर्व गणित त्यावर चालते. कोणत्याही क्लबला किमान वेतनात सहज मिळू शकेल अशा बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा सामने जिंकून दिले, त्याचे ते मोजमाप आहे. पूर्ण हंगाम खेळणाऱ्या सरासरी खेळाडूचे वॉर साधारण २ असते. सर्व जागी असेच बदली खेळाडू असलेला संघ १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल असे गृहीत धरतात, तर सरासरी संघ ८१ जिंकतो. या दोहोंतील ३३ सामन्यांचा फरक ३० संघांनी गुणला की एका हंगामात वाटायला सुमारे १००० वॉर उरतात. आपल्या लीगमध्ये १२ संघ असतील आणि सामने तेवढेच असतील, तर ही बेरीज सुमारे ४०० यायला हवी. आपल्या तक्त्यातील बेरीज यापासून फार दूर असेल तर फाइल काढताना काही खेळाडू गळाले आहेत असे समजून ती पुन्हा काढावी.

खेळाडूंच्या कौशल्याचे गुणांकही फाइलमध्ये दिसतात, पण ते वापरताना सावध राहावे. हे गुणांक आपल्या क्लबच्या निरीक्षकाने लावलेले अंदाज असू शकतात आणि त्याच खेळाडूविषयी दुसऱ्या क्लबच्या निरीक्षकाचे मत वेगळे असू शकते. दुसरा व्यवस्थापक किती बोली लावील हे ओळखायचे असेल, तर त्याला आणि आपल्याला सारखीच दिसणारी गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष कामगिरीची आकडेवारी, हाच पाया ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

तिसरी पायरी : खेळाडूंचे तीन गट करणे

आता तक्त्यातील सर्व खेळाडू सेवाकाळानुसार तीन वेगळ्या पानांवर टाकावेत. नवे व्यवस्थापक ही पायरी गाळतात आणि सगळ्यांवर मिळून एकच सूत्र बसवतात. त्या सूत्रात तरुण तारे ‘महाग’ ठरतात, म्हातारे खेळाडू ‘स्वस्त’ ठरतात आणि प्रत्यक्षातला पगार नेमका उलटा निघतो.

सेवाकाळाचे महत्त्व खऱ्या आकड्यांतूनही दिसते. संख्याशास्त्र शिकवताना जगभर वापरला जाणारा ‘हिटर्स’ नावाचा तक्ता मेजर लीगच्या १९८६ च्या हंगामातील ३२२ फलंदाजांचा आहे आणि त्यांपैकी २६३ जणांचा १९८७ चा पगार त्यात दिलेला आहे. या तक्त्यावर, लीगमधील वर्षे आणि आधीच्या हंगामातील हिट (चेंडू टोलवून बेस गाठल्याच्या खेपा) एवढ्या दोनच गोष्टी घेऊन पगाराचा निर्णयवृक्ष, म्हणजे एकेका प्रश्नावर खेळाडूंचे गट पाडत जाणारी आकृती, काढला की पहिली फांदी खेळावर फुटतच नाही. ती वर्षांवर फुटते : साडेचार वर्षांहून कमी आणि त्याहून जास्त. कमी वर्षे झालेल्यांचा अंदाज सुमारे १ लाख ६५ हजार डॉलर येतो आणि तेथे हिटची संख्या विचारातही घेतली जात नाही. जास्त वर्षे झालेल्यांमध्ये मात्र हिट महत्त्वाचे ठरतात. ११७ पर्यंत हिट असतील तर सुमारे ४ लाख ३ हजार आणि त्याहून जास्त असतील तर सुमारे ८ लाख ४५ हजार असा अंदाज मिळतो. नियम न सांगताही आकड्यांनी नियम शोधून काढला, म्हणून नव्या व्यक्तीने सरावासाठी हा तक्ता जरूर हाताळावा असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या गटाचा, म्हणजे लवादापूर्वीच्या खेळाडूंचा अंदाज एका वाक्यात संपतो : किमान वेतन लिहावे. क्लबने आधीच लांबचा करार केलेला मोजका खेळाडू अपवाद असतो आणि तो नावानिशी वेगळा ठेवता येतो.

दुसऱ्या गटाला थोडे अधिक लक्ष लागते. खऱ्या लीगमध्ये १९७४ पासून चालत आलेल्या या पद्धतीत खेळाडू आणि क्लब आपापला आकडा मांडतात, आणि प्रकरण सुनावणीपर्यंत गेले तर तीन लवादांचे मंडळ दोहोंपैकी एकच आकडा निवडते, मधला नाही. अशा सुनावणीत होमरन, धावा, सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखल्याची पिचरची, म्हणजे गोलंदाजाची, नोंद) यांसारखे जुन्या पठडीतले आकडे प्रभावी ठरतात आणि पगार सहसा आधीच्या वर्षाच्या पगारावर चढत जातो. खुल्या बाजारातील किमतीच्या पहिल्या वर्षी ४०, दुसऱ्या वर्षी ६० आणि तिसऱ्या वर्षी ८० टक्के असा एक जुना ढोबळ आडाखा अभ्यासक वापरत आले आहेत. सुरुवात त्याने करावी, पण आपल्या लीगमधील मागील दोन-तीन हंगामांचे लवादाचे पगार समोर ठेवून हे टक्के दुरुस्त करून घ्यावेत. आधीच्या वर्षाचा पगार हा येथे सर्वांत उपयोगी रकाना आहे. तो वगळून केलेला अंदाज क्वचितच चांगला निघतो.

चौथी पायरी : फ्री एजंटची किंमत काढणे

खरे कसब येथे लागते, म्हणून ही पायरी सावकाश करावी. आधी खेळाडू पुढील हंगामात किती वॉर देईल ते ठरवावे लागते. केवळ गेल्या हंगामाकडे पाहणे ही घाई झाली, आणि तिन्ही हंगामांना सारखे वजन देणे म्हणजे ताज्या माहितीची उपेक्षा झाली. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक टॉम टँगो यांच्या ‘मार्सेल’ या सोप्या पद्धतीत फलंदाजांसाठी सर्वांत अलीकडच्या हंगामाला ५, त्याआधीच्याला ४ आणि त्याआधीच्याला ३ असे वजन देतात, आणि मग अंदाज सरासरीकडे थोडा ओढतात, कारण कोणाच्याही आकड्यांत नशिबाचा काही वाटा असतोच. हीच कल्पना वॉरला लावता येते.

समजा, ३१ वर्षांच्या एका फलंदाजाचे वॉर अलीकडून मागे ३.०, ४.२ आणि २.४ आहे, आणि तिन्ही हंगामांत तो ६०० वेळा फलंदाजीला आला. वजनाने गुणून आलेली बेरीज १५ अधिक १६.८ अधिक ७.२, म्हणजे ३९ होते. तिला १२ ने भागल्यावर ३.२५ मिळतात. आता खेपांनाही तीच वजने लावली की ७२०० येतात. त्यांत सरासरी खेळाडूच्या १२०० खेपा मिळवाव्यात. ७२०० ला ८४०० ने भागले असता सुमारे ०.८६ मिळते. म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या आकड्यावर ८६ टक्के आणि सरासरीच्या २ वॉरवर १४ टक्के भरवसा ठेवायचा. उत्तर सुमारे ३.०७ येते. कमी खेळलेल्या खेळाडूच्या बाबतीत सरासरीकडची ही ओढ आपोआप वाढते, आणि केवळ दोन महिने तळपलेल्या फलंदाजावर तिजोरी रिकामी करण्यापासून व्यवस्थापक वाचतो.

नंतर आपल्या लीगमधील एका वॉरचा दर काढावा. त्यासाठी फक्त याच वर्षी झालेले मुक्त करार घ्यावेत. समजा, अशा ३० खेळाडूंच्या वार्षिक पगारांची बेरीज २४ कोटी डॉलर आहे आणि त्यांचे अपेक्षित वॉर मिळून ३६ आहे. प्रत्येकाला किमान वेतन तर मिळालेच असते, म्हणून ७ लाख ६० हजार गुणिले ३०, म्हणजे २ कोटी २८ लाख वजा करावेत. उरलेल्या २१ कोटी ७२ लाखांना ३६ ने भागले की एका वॉरमागे सुमारे ६० लाख ३३ हजार डॉलर असा दर निघतो. आपल्या फलंदाजाच्या ३.०७ वॉरचे या दराने १ कोटी ८५ लाख होतात. त्यांत किमान वेतन मिळवले की एका वर्षाच्या कराराचा अंदाज सुमारे १ कोटी ९३ लाख येतो.

तोच खेळाडू चार वर्षांचा करार मागत असेल, तर तिशीनंतर दर वर्षी अर्धा वॉर कमी होतो असा सर्वसाधारण आडाखा लावावा. मग चार वर्षांचे वॉर ३.०७, २.५७, २.०७ आणि १.५७, म्हणजे एकूण ९.२८ होतात. त्याच दराने आणि चार वर्षांचे किमान वेतन धरून कराराची एकूण रक्कम सुमारे ५ कोटी ९० लाख येते, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी ४८ लाख. एका वर्षाच्या आणि चार वर्षांच्या करारातील वार्षिक पगारांत ४५ लाखांचा फरक पडला तो केवळ वयामुळे. लीगमध्ये पगार दर वर्षी वाढत असतील, तर पुढील वर्षांचा दर त्या प्रमाणात चढवून घ्यावा.

जागेचा विचार शेवटी करावा. वॉरमध्ये शॉर्टस्टॉप आणि कॅचर यांच्या अवघड जागांचे मोल धरलेलेच असते, त्यामुळे त्यासाठी पुन्हा पैसे वाढवू नयेत. शेवटच्या इनिंगमध्ये येणाऱ्या क्लोझरचे मात्र तसे नाही. तो कमी इनिंग टाकतो म्हणून त्याचे वॉर लहान दिसते, पण सेव्हच्या आकड्यांमुळे त्याचा पगार दराने येणाऱ्या रकमेहून जास्त निघतो. क्लोझरांचे करार वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र दर ठरवणे उत्तम.

पाचवी पायरी : रिग्रेशन वापरायचे असल्यास

आपल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थी मित्रांना ही पायरी सोपी जाईल. रिग्रेशन म्हणजे जुन्या आकड्यांवर रेषा बसवून तिच्यावरून अंदाज काढणे. पगारावर थेट रेषा बसवू नये, आधी पगाराचा लॉग (लॉगरिदम) घ्यावा. मघाच्या ‘हिटर्स’ तक्त्यात सर्वांत लहान पगार ६७ हजार ५०० आणि सर्वांत मोठा २४ लाख ६० हजार डॉलर आहे. सरासरी सुमारे ५ लाख ३६ हजार असताना मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, ४ लाख २५ हजारांवर आहे. मूठभर मोठे पगार साऱ्या रेषेला आपल्याकडे ओढतात, आणि लॉग घेतल्यावर ही ओढ बरीच कमी होते. मात्र लॉगमधून पुन्हा डॉलरमध्ये आणलेला अंदाज मध्यकाच्या जवळचा असतो, सरासरीच्या नव्हे. एकट्या खेळाडूसाठी तो चालतो, पण असे अंदाज जोडून संघाचा एकूण खर्च काढला तर तो खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून मागील वर्षीचे खरे पगार आणि त्याच वर्षीचे अंदाज यांच्या बेरजांचे गुणोत्तर काढून नव्या बेरजेला त्याने गुणावे.

सहावी पायरी : अंदाज तपासणे

खेळाडूंची सरमिसळ करून काहींवर सूत्र बसवणे आणि उरलेल्यांवर तपासणे येथे पुरेसे नाही. जुन्या हंगामांवर सूत्र बसवावे आणि त्यानंतरच्या हंगामावर ते तपासावे, कारण प्रत्यक्षातही आपल्याला पुढचेच वर्ष ओळखायचे असते. कराराच्या दिवशी जे माहीत नव्हते ते सूत्रात येता कामा नये. करार डिसेंबरमध्ये झाला असेल आणि आपण त्यानंतरच्या हंगामाचे वॉर वापरले, तर अंदाज सुरेख दिसेल आणि कामाला येणार नाही. त्याच कारणासाठी पाच वर्षांपूर्वी झालेल्या कराराचा पगार आजच्या कामगिरीसमोर मांडू नये. तो पगार पाच वर्षांपूर्वीच्या खेळाडूचा आहे.

चूक किती झाली ते डॉलरमध्ये आणि टक्क्यांत, दोन्ही रीतींनी पाहावे. तुलनेसाठी एक अगदी साधा अंदाजही ठेवावा : पगार गेल्या वर्षीइतकाच राहील. आपले सूत्र याहून चांगले ठरत नसेल तर त्यात आणखी रकाने घालण्यापेक्षा गट नीट पाडले आहेत का ते पुन्हा पाहावे.

कराराचा जाहीर आकडा म्हणजेच पगार असेही समजू नये. शोहेई ओतानीने डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, पण वर्षाच्या ७ कोटींपैकी ६ कोटी ८० लाख त्याला करार संपल्यानंतर मिळायचे आहेत. आपल्या लीगमध्येही कामगिरीचे बोनस आणि शेवटच्या वर्षांचे पर्याय असतात. तक्त्यात ठरलेला पगार एका रकान्यात आणि बाकीचे अटींसह दुसऱ्या रकान्यात ठेवावे.

बोली लावण्यापूर्वी

सूत्र एक आकडा देते, बोली मात्र इतर व्यवस्थापकांच्या खिशावर ठरते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला किती आवक आली आणि किती खरेदीदार उभे आहेत यावर त्या दिवसाचा दर हलतो, तसेच येथेही होते. त्या हिवाळ्यात चांगले पिचर दोनच असतील आणि पैसे शिल्लक असलेले क्लब सहा असतील, तर सूत्राच्या वर जावे लागेल. उलट क्लबांच्या तिजोऱ्या आधीच रिकाम्या झाल्या असतील, तर सराव शिबिरे जवळ येऊ लागतात तशा करार न झालेल्या खेळाडूंच्या मागण्या उतरत जातात आणि थांबणाऱ्याला चांगला खेळाडू दराहून कमी पगारात मिळतो. म्हणून प्रत्येक क्लबच्या पुढील वर्षाच्या बांधील खर्चाचा एक छोटा तक्ता जवळ असावा. खेळाडूच्या स्वभावाच्या नोंदीही वाचाव्यात. पैशाचा लोभ जास्त असलेला खेळाडू आपल्याच क्लबकडेही चढी मागणी करतो आणि निष्ठा जास्त असलेला थोड्या कमी रकमेतही करार वाढवतो.

अंदाज लिहिताना एकच आकडा न लिहिता खालची आणि वरची मर्यादाही लिहावी. मागील हंगामात दहापैकी आठ करार ज्या टक्केवारीच्या आत बसले असतील, ती टक्केवारी दोन्ही बाजूंना धरावी. वरच्या मर्यादेपलीकडे बोली गेली की माघार घ्यावी आणि तो करार कोणी, कितीला केला हे तक्त्यात त्याच दिवशी नोंदवावे, कारण पुढच्या वर्षीचा दर याच नोंदीतून निघणार आहे.